रेल्वे गेज : नांदेड व लातूर

दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे गेज. चाके, आस, इंजीन, डबा यांची मापे त्यावरून ठरत जातात. नांदेड-लातूर भागात हे माप एक नव्हते. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचे (१८९९–१९०१) नांदेड मीटर गेजवर (१,००० मिमी). लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज (७६२ मिमी) आली. आणि विकाराबाद–परळी मार्गावरचे लातूर रोड स्थानक ब्रॉड गेजवर (१,६७६ मिमी). तिन्ही ठिकाणे निजामाच्या राज्यातली!

सरकारचा हुकूम नव्हता असे नाही. गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या काळात ब्रॉड गेज ठरले होते. पण १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय मेयोच्या कारकिर्दीत काटकसरीपायी मीटर गेजला वाट दिली गेली. एकाच मापाचा आग्रह आधी सरकारनेच सोडला.

बार्शी लाइट रेल्वे ही लंडनमध्ये नोंदलेली कंपनी. तिचा पहिला टप्पा, कुर्डुवाडी (तेव्हाचे बार्शी रोड) ते बार्शी, १८९७ मध्ये सुरू झाला. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने आपल्या गाड्यांसाठी एक नियम घालून घेतला : इंजीन असो वा मालडबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको. इंजिनाचे वजन त्यासाठी जास्त चाकांवर वाटले, मालडब्यांना आठ-आठ चाके दिली. भार सगळीकडे सारखाच पडल्याने दर यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले आणि डब्यांत माल मात्र भरपूर मावला. स्वेच्छेने पाळलेल्या प्रमाणाचे इतके नेटके उदाहरण त्या काळच्या भारतात क्वचितच सापडेल.

पण कंपनीचे प्रमाण कंपनीच्या हद्दीपुरतेच. लातूरचा माल कुर्डुवाडीला पोचला की समोर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची ब्रॉड गेज. तिथे हमालांनी एका डब्यातले पोते पाठीवर घ्यायचे आणि दुसऱ्यात टाकायचे. नांदेडच्या मालाची मनमाडला हीच गत. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनने कंपन्यांमधील डब्यांच्या देवघेवीचे नियम केले, ते उपयोगीही ठरले; पण गेजच वेगळे असेल तिथे डबा पुढे जाणार कसा? रेल्वेच्या प्रमाण आराखड्यांसाठी १९३० मध्ये सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आले. १९५७ मध्ये ते लखनौच्या आरडीएसओत (रिसर्च डिझाइन्स अँड स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशन) विलीन झाले.

बार्शी लाइट रेल्वे सरकारने १९५४ मध्ये ताब्यात घेतली, तरी गेज बदलायला अर्धे शतक गेले. निर्णायक पाऊल पडले ते १९९२ च्या ‘एक गेज’ धोरणाने. नांदेड त्याच दशकात ब्रॉड गेजवर आले. कुर्डुवाडी–लातूरचे काम २००८ पर्यंत चालले. तिथे नुसते रूळ रुंद केले नाहीत, मार्गही वळवला : नॅरो गेजने येडशीवरून बगल दिलेले उस्मानाबाद (आता धाराशिव) शहर त्यामुळे प्रथमच लोहमार्गावर आले.