क्रिप्टो विकून चांदी घेतली, तर हातात नेमकं किती पडतं?

2025 मध्ये चांदीचा भाव किलोमागे एक लाखाच्या पुढे गेला आणि वर्ष संपता संपता दोन लाखांवर पोचला. मोबाइलमध्ये थोडं बिटकॉइन किंवा यूएसडीटी पडून असलेल्या माणसाला अशा वेळी वाटणारच की, स्क्रीनवरचे आकडे देऊन हातात धरता येईल अशी चांदी घ्यावी.

सराफाला थेट क्रिप्टो देता येईल का? दुकान महाडच्या बाजारपेठेतलं असो की पोलादपुरातलं, पक्कं बिल रुपयांतच होतं. भारतात क्रिप्टो बाळगणं गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेचं 2018 चं बँकांवर बंधन घालणारं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केलं. पण क्रिप्टोला चलनाचा दर्जा नाही. अमेरिकेतले जेएम बुलियनसारखे विक्रेते बिटकॉइन घेतात. तिथून चांदी मागवायची तर आयातीचे नियम आणि सीमाशुल्क आडवं येतं, छोट्या रकमेला ते परवडत नाही.

म्हणून व्यवहारातला रस्ता एकच: एक्स्चेंजवर विक्री, रुपये बँक खात्यात, मग यूपीआय किंवा चेकने चांदी. आणि खरी गळती याच रस्त्यावर आहे.

समजा, 40 हजारांना घेतलेलं बिटकॉइन 60 हजारांना विकलं. एक्स्चेंज 1 टक्का टीडीएस, म्हणजे 600 रुपये, कापून घेतं. 20 हजारांच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर धरून 6,240 रुपये होतात; कापलेले 600 त्यातच वळते होतात. उरले 53,760. चांदीवर 3 टक्के जीएसटी. म्हणजे प्रत्यक्ष चांदी येते साधारण 52,190 रुपयांची, तीही एक्स्चेंजचं शुल्क न धरता. करमुक्त उत्पन्नाची मूळ मर्यादा या नफ्याला लागू होत नाही, त्यामुळे बाकी कमाई कमी असली तरी सुटका नाही.

तोटा झाला तर आणखी विचित्र. एका नाण्यात 10 हजार गेले आणि दुसऱ्यात 10 हजार मिळाले, तरी मिळालेल्या 10 हजारांवर पूर्ण कर. तोटा पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. छोट्या माणसाला हा नियम सगळ्यात जास्त लागतो.

ओळखीच्या माणसाला क्रिप्टो देऊन बदल्यात चांदी घेतली, तर हे सगळं टळतं का? नाही. वस्तूच्या बदल्यात दिलेलं क्रिप्टोही कायद्याने हस्तांतरणच धरलं जातं. नफ्यावर तोच कर लागतो, शिवाय टीडीएस भरल्याची खातरजमा करणं समोरच्यावर येतं.

यापेक्षा मोठा धोका ‘पीटूपी’ विक्रीत, म्हणजे अनोळखी माणसाला परस्पर क्रिप्टो विकण्यात आहे. आलेली रक्कम कुणाच्या तरी सायबर फसवणुकीची निघाली, तर तक्रार दुसऱ्या राज्यात होते आणि खातं इथलं गोठतं. ‘आधी यूएसडीटी पाठवा, चांदी घरपोच’ अशा टेलिग्रामवरच्या जाहिरातींना तर हातच लावू नये. गेलेलं क्रिप्टो बँकेला सांगून परत फिरवता येत नाही. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच कळवावं. एक्स्चेंज केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे ना, हे विक्रीआधीच पाहावं.

आता चांदी. पैंजण, वाट्या घेतल्या तर घडणावळ जाते आणि विकताना घट धरली जाते. गुंतवणूकच करायची तर 999 शुद्धतेचं नाणं किंवा वीट बरी. परत घेताना भाव कोणता लावणार, हे खरेदीच्या दिवशीच विचारून घ्यावं. भरलेला जीएसटी कुणी परत देत नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या दागिन्यांवर आणि वस्तूंवर एचयूआयडी क्रमांकाचं हॉलमार्क मिळू लागलं, पण ते ऐच्छिक आहे. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून विकली, तर नफ्यावर 12.5 टक्के कर. त्याआधी विकली तर आपापल्या स्लॅबप्रमाणे. पक्कं बिल लागतं ते इथे.

वीट घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार चांदीचे दागिने 10 किलोपर्यंत आणि नाणी 500 ग्रॅमपर्यंत तारण ठेवता येतात. विटेवर कर्ज मिळत नाही. पेरणीच्या तोंडावर पैसा लागणाऱ्या घराने हे आधी पाहावं.

आणि ठेवायची कुठे? महाडकरांना जुलै 2021 चा सावित्रीचा पूर आठवत असेल, बाजारपेठ पाण्याखाली होती. बँकेचं लॉकर घेतलं तरी 2022 पासूनच्या नियमांत चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांसाठी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँकेची जबाबदारी आहे. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीची नाही. चांदी चिखलात काळी पडेल, उजळून घेता येईल. बिल मात्र भिजून जातं, आणि उरलेल्या क्रिप्टोचे बारा किंवा चोवीस परवलीचे शब्द वहीच्या पानावर लिहून ठेवले असतील तर तेही. दोन्हींची प्रत पुराच्या रेषेबाहेरच्या नातेवाइकाकडे असलेली बरी. शब्दांची मात्र बंद पाकिटात.