बाळंतपणाची तालीम : लेनिनग्राड, पॅरिस आणि ‘वेदनारहित प्रसूती’चा विस्मृत इतिहास

पुण्यामुंबईतील अनेक प्रसूतिगृहांत आज गरोदर स्त्रियांसाठी वर्ग भरतात. सातवा-आठवा महिना लागलेल्या स्त्रिया सतरंजीवर बसून श्वासाचा सराव करतात, स्नायू सैल सोडण्यास शिकतात. शेजारी पती अवघडून बसलेला असतो. या वर्गांत ‘लमाझ’ हा शब्द हमखास कानी पडतो. हा श्वास स्टॅलिनच्या रशियातून निघाला, पॅरिसमधील धातुकामगारांच्या रुग्णालयात मुरला आणि तेथून अमेरिकेमार्गे जगभर पोहोचला, हे मात्र वर्गात कोणी सांगत नाही.

हा धागा त्या प्रवासाचा.

प्रथम पार्श्वभूमी. १८४७ साली एडिंबरा येथे जेम्स यंग सिम्प्सन याने प्रसूतीत प्रथम ईथर आणि नंतर क्लोरोफॉर्म वापरले. ईव्हला मिळालेल्या शापानुसार स्त्रीने वेदना सोसूनच प्रसवावे, या धार्मिक आक्षेपाला त्याने पुस्तिका लिहून उत्तर दिले. (असा आक्षेप प्रत्यक्षात किती जणांनी घेतला होता, याविषयी इतिहासकार साशंक आहेत, सिम्प्सनने हल्ल्याआधीच ढाल उचलली असावी.) १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या अपत्याच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतले आणि वाद बराचसा मिटला. ते देणारा वैद्य जॉन स्नो. पुढच्याच वर्षी लंडनमधील कॉलऱ्याचे मूळ ब्रॉड स्ट्रीटच्या पंपात शोधणारा तोच हा स्नो.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे एक पाऊल पुढे पडले. मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांच्या मिश्रणाने स्त्रीला अर्धवट गुंगीत ठेवायचे; या प्रकाराचे नाव ‘ट्वायलाइट स्लीप’, म्हणजे संधिप्रकाशातील झोप. वेदना थांबत नसे, तिची आठवण पुसली जाई. स्त्री ओरडे, धडपडे. म्हणून तिचे डोळे झाकत, कानांत बोळे घालत, प्रसंगी हातपाय बांधत. जागी झाल्यावर तिला काहीच स्मरत नसे.

विशेष म्हणजे १९१४ च्या सुमारास अमेरिकेत या पद्धतीची मागणी करणाऱ्यांत मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियाच आघाडीवर होत्या. वेदनेतून सुटका हा त्यांच्या दृष्टीने हक्काचा प्रश्न होता. चळवळीतील एक प्रमुख कार्यकर्ती १९१५ मध्ये बाळंतपणातच दगावली आणि मोहीम थंडावली. औषध मात्र गेले नाही. पुढील अनेक दशके अमेरिकी रुग्णालयांत स्कोपोलामिन सर्रास दिले जात होते. १९५८ साली ‘लेडीज होम जर्नल’ने वाचकांची पत्रे छापली, तेव्हा पट्ट्यांनी बांधून ठेवल्याच्या आणि एकटे सोडून दिल्याच्या हकिगतींनी पाने भरून गेली.

या गुंगीविरुद्ध पहिला ठाम आवाज इंग्लंडमधून आला. ग्रँटली डिक-रीड (१८९०–१९५९) हा डॉक्टर तरुणपणी लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत प्रसूतीसाठी गेला होता. त्याने पुढे केलेले क्लोरोफॉर्म त्या बाईने नाकारले आणि ती शांतपणे प्रसवली. नंतर कारण विचारता, दुखायला हवे होते असे आपल्याला वाटलेच नव्हते, अशा अर्थाचे साधे उत्तर तिने दिले. हा प्रसंग डिक-रीडने आयुष्यभर सांगितला. १९३३ च्या ‘नॅचरल चाइल्डबर्थ’ या ग्रंथात त्याने सिद्धान्त मांडला : भयाने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना होते, वेदनेने भय वाढते. ज्ञान, विश्रांती आणि सोबत यांनी हे चक्र तोडता येते. ‘नैसर्गिक प्रसूती’ या शब्दप्रयोगाला प्रतिष्ठा मिळाली ती या पुस्तकामुळे.

डिक-रीडसाठी प्रसूती हा जवळजवळ धार्मिक अनुभव होता. मातृत्व हीच स्त्रीजीवनाची परिपूर्ती असे त्याचे मत. त्या मताची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ब्रिटनमधील सुशिक्षित वर्गात जन्मदर घटतो आहे, या चिंतेचा त्याच्या लेखनावर दाट प्रभाव आहे. ‘आदिम’ स्त्रिया सहज प्रसवतात आणि ‘सुसंस्कृत’ स्त्रीला भयाने ग्रासले आहे, ही त्याची मांडणी वसाहतवादी कल्पनेवर उभी होती. त्या ‘आदिम’ स्त्रियांतील माता व बालके किती दगावत, हा प्रश्न तिथे सोयीने गाळला गेला.

आता सोव्हिएत संघाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात या देशाने सुमारे २ कोटी ७० लक्ष माणसे गमावली होती. गर्भपातावर १९३६ पासूनच बंदी होती. १९४४ मध्ये दहा अपत्यांच्या मातेला ‘वीरमाता’ हा किताब देण्यास आरंभ झाला. राज्याला मुले हवी होती आणि ती जन्माला घालणाऱ्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ व औषधे दोन्ही अपुरी होती. एवढे लक्षात घेतले की पुढची गोष्ट केवळ वैद्यकाची राहत नाही.

युक्रेनमधील खारकिव्ह शहरात प्लातोनोव्ह आणि व्हेलव्होव्स्की हे वैद्य १९२० च्या दशकापासून संमोहनाने प्रसूतिवेदना कमी करण्याचे प्रयोग करत होते. संमोहनाची अडचण उघड आहे : प्रत्येक स्त्रीवर वेगळा वेळ द्यावा लागतो आणि प्रत्येकीवर त्याचा प्रभाव पडतही नाही. युद्धानंतर व्हेलव्होव्स्कीने संमोहन वगळले आणि जागृत स्त्रीला थेट शिकवायचे ठरवले. १९४९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचे नाव ‘सायकोप्रोफिलॅक्सिस’, म्हणजे मनाच्या पूर्वतयारीने वेदनेला आधीच घातलेला अटकाव.

तात्त्विक आधार होता पाव्हलोव्हचा. घंटा वाजताच लाळ गाळणारे त्याचे कुत्रे सर्वांना परिचित आहेत. व्हेलव्होव्स्कीचे म्हणणे असे की प्रसूतीतील वेदना शरीरधर्मात अटळपणे दडलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या कथांनी आणि शब्दांनी ती मेंदूत बसवली आहे. जे बसवता येते ते उठवताही येते. म्हणून अखेरच्या आठवड्यांत काही पाठ : शरीराची रचना, प्रसूतीचे टप्पे, खोल श्वास, ओटीपोटावरून बोटे हळुवार फिरवणे, कमरेच्या हाडाजवळील ठरावीक बिंदू दाबणे. १९५० साली पाव्हलोव्हचे विचार हीच विज्ञानाची अधिकृत भूमिका ठरली आणि १९५१ मध्ये ही पद्धत देशभर लागू करण्याचा आदेश निघाला. आदेश निघाला तरी शिकवणारी माणसे पुरेशी नव्हती. बऱ्याच ठिकाणी पाठ म्हणजे घाईघाईने उरकलेले व्याख्यान झाले.

त्याच वर्षी फ्रेंच डॉक्टरांचे एक पथक सोव्हिएत दौऱ्यावर गेले. त्यात साठीला टेकलेले फर्नां लमाझ होते. पॅरिसच्या ‘रु दे ब्लुए’ या गल्लीत धातुकामगार संघटनेचे रुग्णालय होते. त्याच्या प्रसूतिविभागाचे ते प्रमुख. लेनिनग्राडमध्ये प्राध्यापक निकोलायेव्ह यांच्या देखरेखीखालील एक प्रसूती त्यांनी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिली. स्त्री जागी होती, शांत होती, स्वतः काम करत होती. आयुष्यभर प्रसूतिकक्षातील आक्रोश ऐकलेल्या या डॉक्टरावर त्या दृश्याचा विलक्षण परिणाम झाला. परतल्यावर त्यांनी आपल्या रुग्णालयाचा सारा कारभारच पालटला.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असा एक तपशील आहे. फ्रेंच बोलीत प्रसूतीच्या कळांना सरळ ‘दुखणी’ म्हणत. लमाझ यांच्या रुग्णालयात हा शब्द वर्ज्य ठरला. त्याऐवजी ‘आकुंचन’ म्हणायचे. डॉक्टर आणि सुइणीच नव्हेत, सफाई करणाऱ्या बाया आणि दूरध्वनीवरील कर्मचारी यांनाही हे शिकवले गेले. कारण दारातच कोणी ‘फार दुखतंय का’ असे विचारले तर आठवड्यांची तयारी वाया जाई. आता आपल्या शब्दांकडे पाहा. ‘कळा’ म्हणजे दुखणेच, आणि ‘वेणा’ हे तर ‘वेदना’चेच घरगुती रूप. गर्भाशयाच्या या क्रियेसाठी वेदना न सुचवणारा एकही रोजचा शब्द मराठीत नाही. व्हेलव्होव्स्कीच्या हाती हे उदाहरण लागते तर त्याने ते नक्कीच वापरले असते.

लमाझ आणि त्यांचे सहकारी पिअर व्हेले यांनी सोव्हिएत पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. खोल श्वासाच्या जोडीला त्यांनी उथळ, जलद श्वास आणला. फ्रेंच स्त्रिया त्याला ‘छोट्या कुत्र्याचा श्वास’ म्हणत. पतीला प्रसूतिकक्षात प्रवेश दिला. त्या काळी हे धाडसच होते. प्रत्येक स्त्रीसोबत शेवटपर्यंत थांबणारी प्रशिक्षिका नेमली. नीट पाहिले तर पाव्हलोव्हपेक्षा या सोबतीचाच गुण अधिक असावा. जिला काय घडते आहे ते ठाऊक आहे आणि जिचा हात धरायला कोणी आहे, ती स्त्री गुंगीतल्या एकाकी स्त्रीहून निराळ्या रीतीने प्रसवते, हे समजायला कुत्र्याची लाळ मोजण्याची गरज नव्हती.

शीतयुद्धाच्या काळात या पद्धतीकडे निव्वळ वैद्यक म्हणून पाहणे कोणालाच शक्य नव्हते. कामगार संघटना साम्यवादी प्रभावाखालची, पद्धत मॉस्कोची. फ्रेंच वैद्यकविश्वातील अनेकांना तिच्यात प्रचाराचा वास आला. उलट साम्यवाद्यांना ती समाजवादी विज्ञानाची विजयपताका वाटली. डिक-रीड यांना तर ही आपल्याच कल्पनांची उचल वाटत होती. अशा वेळी निर्णायक शब्द आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांच्या मेळाव्यापुढे या पद्धतीत नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह काही नाही, असे जाहीर केले. ईव्हच्या शापाचा अर्थ वेदना कमी करण्यास मनाई असा होत नाही, आणि एखादा शोध भौतिकवादी विचारसरणीच्या संशोधकाने लावला म्हणून तो खोटा ठरत नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. सिम्प्सनने उचललेला शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न व्हॅटिकनने असा निकाली काढला, आणि तोही एका निरीश्वरवादी राजवटीच्या पद्धतीच्या निमित्ताने.

१९५७ साली ज्याँ गाबँ या लोकप्रिय नटाने या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या ग्रामीण डॉक्टरची भूमिका ‘डॉक्टर लॉराँ यांचे प्रकरण’ या चित्रपटात केली. त्याच वर्षी मार्चमध्ये लमाझ यांचे निधन झाले.

आता या इतिहासातील सर्वांत अवघड भाग. ‘वेदनारहित’ हे विशेषण लावले की वेदना झालेल्या स्त्रीचे काय, हा प्रश्न उभा राहतो. लमाझ यांच्या रुग्णालयात प्रसूतींना श्रेणी दिल्या जात : उत्तमपासून थेट ‘अपयश’पर्यंत. सोव्हिएत रुग्णालयांतही गुणांकन होतेच. पाठ चुकवले, सराव केला नाही, मन अस्थिर होते. ओरडणाऱ्या स्त्रीसाठी कारणांची यादी तयार असे आणि प्रत्येक कारण तिच्यापाशीच येऊन थांबे. पद्धत कधी नापास होत नसे. बाळाचे डोके मोठे, श्रोणी अरुंद, बाळ उलटे, या गोष्टी श्वासाच्या तालमीने बदलत नाहीत. तरीही वेदनेची लाज वाटण्याची नवी सोय या मुक्तीच्या चळवळीने करून ठेवली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ शीला किट्झिंगर यांनी १९६२ पासूनच्या आपल्या लेखनात कवायतीऐवजी त्या स्त्रीच्या स्वतःच्या अनुभवाला केंद्रस्थानी आणले, ते याच कारणाने महत्त्वाचे आहे.

अमेरिकेत ही पद्धत नेली मार्जरी कार्मेल हिने. १९५५ मध्ये पॅरिसला तिचे पहिले मूल लमाझ यांच्या हातून जन्मले. दुसऱ्या वेळी न्यूयॉर्कमध्ये असे बाळंतपण मिळवताना तिची बरीच दमछाक झाली. १९५९ साली तिने लमाझ यांचे आभार मानणारे पुस्तक लिहिले आणि ते गाजले. पुढच्या वर्षी तिने आणि एलिझाबेथ बिंग यांनी मिळून या पद्धतीच्या प्रसारासाठी संस्था काढली. बिंग या जर्मनीतून परागंदा झालेल्या भौतिकोपचारतज्ज्ञ. ‘नैसर्गिक’ हा शब्द त्यांना नापसंत होता. त्या ‘पूर्वतयारीची प्रसूती’ म्हणत. औषध घेतले म्हणून कोणी नापास होत नाही, हे त्या शब्दात सामावलेले होते.

अटलांटिक ओलांडताना सामानातून बरेच काही गळाले. व्हेलव्होव्स्की, खारकिव्ह, कामगार संघटना, स्टॅलिनकालीन आदेश, सारे मागे राहिले. उरले एका फ्रेंच डॉक्टरचे नाव आणि श्वास. मॅकार्थीचे दिवस नुकतेच सरलेल्या अमेरिकेत ‘सोव्हिएत पद्धत’ म्हणून ती कोणी स्वीकारली असती, असे वाटत नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत तिच्याच रेट्याने पती प्रसूतिकक्षात येऊ लागले, बांधण्याच्या पट्ट्या सुटल्या, स्कोपोलामिन मागे पडले.

बिंग २०१५ साली वयाच्या शंभराव्या वर्षी वारल्या. पॅरिसमधील ‘ले ब्लुए’ हे प्रसूतिगृह मूळची गल्ली सोडून शहराच्या दुसऱ्या भागात गेले. नाव मात्र त्याने तेच ठेवले आहे.