न पाडलेलीं नाणीं

जुन्या नाण्यांचे संग्राहक हातीं आलेल्या नाण्यांचा अभ्यास करतात, व तें योग्यच आहे. परंतु जीं नाणीं कधीं पाडलींच गेलीं नाहींत, त्यांच्यापासूनहि राज्यव्यवहाराचा बराच बोध होतो, असें आम्हांस वाटतें. ‘ऐने-अकबरी’ ग्रंथांत अबुल फजल सांगतो कीं, एका दामाचे २५ जितल धरीत. पण अकबराच्या काळीं हा जितल केवळ हिशेबनिसांच्या वहींतला होता. बाजारास त्याची गरज नव्हती, म्हणून टांकसाळीनेंहि त्याची पर्वा केली नाहीं.

आपल्या ओळखीच्या आण्याची गोष्ट याहून निराळी आहे. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या सर्व मुलखाकरितां एकच रुपया ठरविला, तेव्हां रुप्याची अधेली व पावली आणि तांब्याचा ढब्बू, पैसा व पै हीं नाणीं नेमून दिलीं. १८४१ सालीं रुप्याची चवलीहि निघाली. रुपयाचे आणे सोळा, हें पोराटोरांस पाठ; पण खुद्द आण्याचें नाणें मात्र नाहीं!

याचें कारण धातूंत आहे. रुपयाचें वजन १८० ग्रेन. त्या मानानें रुप्याचा आणा सव्वाअकरा ग्रेनांचा झाला असता. चवलीच मुळीं साडेबावीस ग्रेनांची. तिच्याहि निम्मा तुकडा राबत्या हाताच्या बोटांत सांपडणें कठीण. उलट तांब्याचा पैसा १०० ग्रेनांचा, म्हणून आणा ४०० ग्रेनांचा, म्हणजे दोन रुपयांच्या भाराहूनहि जड झाला असता. रुप्यास आणा फार लहान आणि तांब्यास फार मोठा. या कात्रींत तो सांपडला.

यावर कोणी विचारील कीं, पाऊण रुपयाचें नाणें तरी कोठें होतें? शाळेंत पाउणकी घोकून घेत, तरी बारा आण्यांचें नाणें निघालें नाहीं, हें खरें. पण त्याचें कारण अगदीं वेगळें. प्रत्येक नाणें पुढच्याच्या निमपट असलें, तर पैसा, ढब्बू, आणा, चवली, पावली व अधेली हीं एकेकच कनवटीस असतांहि एका पैशापासून ६३ पैशांपर्यंत हवी ती रक्कम चुकवितां येते. अधेलीस पावली जोडली कीं पाऊण रुपया झालाच. तेव्हां तें नाणें अनावश्यक होतें. आणा मात्र या सांखळीची मधलीच कडी होती.

या उणीवेचा भार कोणावर पडला? मोठ्या रकमांचा व्यवहार रुपयांत उरके. दोनचार आण्यांवर दिवस काढणाऱ्यास मात्र आण्याआण्यागणिक तांबें वागवावें लागे. शिवाय १८३५ च्या कायद्यानें तांब्याचीं नाणीं रुपयाच्या अंशापुरतींच देण्यास ग्राह्य होतीं; पैसापैसा सांठवून रुपया भरला, तरी तो रुपया म्हणून घेण्यास सावकार बांधलेला नव्हता. त्यास सराफाची पायरी चढावी लागे, आणि तेथें बट्टा ठेवलेलाच.

टपालखात्यानें १८५४ सालींच एक आण्याचें तिकीट काढलें होतें. म्हणजे आणा कागदावर अवतरला, पण धातूंत येण्यास त्यास आणखी त्रेपन्न वर्षें लागलीं. १९०६ च्या कायद्यानें तांबें व निकल यांच्या मिश्रधातूचा आणा मंजूर झाला व १९०७ पासून तो पाडला जाऊं लागला. वजन ६० ग्रेन, कडा नागमोडी; अंधारांतहि बोटांस ओळखूं यावा असा. इतक्या वर्षांची अडचण धातू बदलतांच सुटली!

पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा पैसे होऊं लागले, आणि सव्वासहा पैशांचें नाणें कोण पाडणार? आण्याचा कारभार अशा रीतीनें आटोपला. तरी पूर्ण सत्यास आपण अजून सोळा आणे सत्यच म्हणतों. वहींत व जिभेवर एखाद्या मूल्यास स्थान मिळणें सोपें असतें. तें गरिबाच्या मुठींत सुखानें मावेल असें करणें हें राज्यकर्त्यांचें काम, आणि आण्याच्या बाबतींत तें त्यांनीं बाहात्तर वर्षें लांबविलें.