निकाल ठरलेला असतो, पण मोडलेली मान खरी असते : रेसलिंगच्या पडद्यामागे नेमकं चालतं काय?

"अरे, ते सगळं खोटं असतं." लहानपणी टेन स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूई बघितलेल्या, ट्रम्प कार्ड्स जमवलेल्या प्रत्येकाने हे वाक्य घरातल्या कुणाकडून तरी ऐकलेलं आहे. वाक्य चुकीचं नाही. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. दोन नेते वरवर भांडतात आणि आतून मिळालेले असतात, त्याला आपल्याकडे राजकारणात 'नुरा कुस्ती' म्हणतात. प्रोफेशनल रेसलिंग म्हणजे तिकीट लावून भरवलेली नुरा कुस्ती.

पण निकाल ठरवता येतो, गुरुत्वाकर्षण ठरवता येत नाही. रिंग म्हणजे काही गादी नव्हे. स्टीलच्या सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पडायचं एक तंत्र असतं, त्याला 'बम्प' म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, सपाट पाठीवर पडायचं आणि हात बाजूला आपटून धक्का पसरवायचा. नवीन पोरांना महिनोन्महिने हेच शिकवतात. शिवाय दुसऱ्या पैलवानाने तुम्हाला डोक्यावर उचललं की तुमची मान त्याच्या हातात असते. तो तुमचा शत्रू असल्याचं नाटक करतोय, आणि खरं काम आहे तुम्हाला धड खाली आणण्याचं. 'ब्रेट द हिटमॅन हार्ट' इतक्या वर्षांनंतरही मुलाखतींत अभिमानाने सांगतो, ते बेल्ट किती जिंकले हे नाही. माझ्यामुळे समोरचा कधी गंभीर जखमी झाला नाही, हे सांगतो.

केफेब म्हणजे काय?

या धंद्यातला सगळ्यात जुना शब्द म्हणजे 'केफेब'. अमेरिकेतल्या जत्रांमधल्या खेळवाल्यांच्या गुप्त बोलीतून तो आला, असं मानतात. अर्थ साधा आहे : आतली गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही. रिंगमध्ये वैरी असाल तर बाहेर एकत्र जेवायचं नाही, एका गाडीतून फिरायचं नाही.

१९८७ च्या मे महिन्यात न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. आत होते देशभक्त हिरो 'हॅक्सॉ' जिम डगन आणि अमेरिकेचा शत्रू म्हणून रंगवलेला आयर्न शेख. गाडीत दारू आणि ड्रग्ज सापडले. पण कंपनीला त्याहून मोठा धक्का बसला तो दोघं एकाच गाडीत सापडल्याचा. दोघांचीही नोकरी गेली (नंतर परत मिळाली, तो भाग वेगळा). त्यानंतर दोनच वर्षांत, १९८९ मध्ये, याच कंपनीने न्यू जर्सीच्या कायदेमंडळासमोर सांगून टाकलं की हा खेळ नसून मनोरंजन आहे. कारण? खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर लागत होते. गुपित सांभाळलं नाही म्हणून माणसं काढणाऱ्या कंपनीने पैसे वाचत असल्यावर ते स्वतःच फोडलं.

ड्रेसिंग रूमचं कोर्ट

पडद्याआडून रिंगकडे निघायच्या जागेला 'गोरिला पोझिशन' म्हणतात. गोरिला मान्सून हा जुना पैलवान तिथे उभा राहून शो चालवायचा, म्हणून त्याचं नाव. त्याच्याही मागे असते ड्रेसिंग रूम, आणि तिथले नियम कुठल्याही करारात लिहिलेले नसतात. आत आलात की प्रत्येकाशी हात मिळवायचा. सीनियरच्या पुढे पुढे करायचं नाही. आणि चूक झाली तर 'रेसलर्स कोर्ट' बसायचं. होय, खरंखुरं. नव्वदच्या दशकात आणि २००० नंतरही काही वर्षं तिथला न्यायाधीश असायचा अंडरटेकर आणि सरकारी वकिलाच्या थाटात जेबीएल.

द मिझ रिअॅलिटी टीव्हीवरून आलेला, त्यामुळे आधीच डोळ्यांत खुपणारा. त्याने ड्रेसिंग रूममध्ये चिकन खाताना रेफरीच्या बॅगेवर तुकडे सांडले. एवढ्यावरून त्याला हाकलून दिलं. पुढे कित्येक महिने तो बाहेरच कपडे बदलत होता, असं त्याने स्वतः सांगितलंय. काही जण हे किस्से हसत हसत सांगतात. बाहेरून बघणाऱ्याला हे आपल्या कॉलेज हॉस्टेलच्या रॅगिंगपेक्षा फार वेगळं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर ते वेगळं नव्हतंच.

कधी कधी या शिक्षांमधून इतिहासही घडला. १९ मे १९९६ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल कंपनी सोडून जाणार होते. निरोप म्हणून दोघांनी शॉन मायकल्स आणि ट्रिपल एचला भर रिंगमध्ये मिठी मारली. हिरो आणि व्हिलन गळ्यात गळे घालून, सगळ्यांसमोर! दोघं तर निघून चालले होते आणि शॉन चॅम्पियन होता, त्यामुळे शिक्षा एकट्या ट्रिपल एचच्या वाट्याला आली. पुढच्याच महिन्यात होणारी 'किंग ऑफ द रिंग' तो जिंकणार होता. ती गेली स्टीव्ह ऑस्टिनकडे. ऑस्टिन सुपरस्टार झाला तो तिथून.

हार्ट घराण्याची तीन वर्षं

निकाल ठरवणारी माणसं आणि रिंगमधली माणसं यांच्यातला विश्वास तुटला की काय होतं, हे बघायचं तर कॅनडातल्या कॅलगरीच्या हार्ट घराण्याची गोष्ट बघावी. वडील स्टू हार्ट स्वतः पैलवान आणि प्रमोटर. घराच्या तळघरात त्यांची तालीम होती, तिचं नाव 'डंजन'. म्हणजे अंधारकोठडीच. ब्रेट आणि धाकटा ओवेन त्याच घरातले.

३ ऑगस्ट १९९७, समरस्लॅम. ओवेनने ऑस्टिनला पाइलड्रायव्हर मारला. या डावात समोरच्याला उलटं धरून खाली बसायचं असतं, आणि त्याचं डोकं मारणाऱ्याच्या मांड्यांच्या वर राहिलं पाहिजे. ऑस्टिनचं डोकं खाली लोंबत राहिलं. मान दबली, काही काळ हातपाय हलेनात. ओवेनला काय झालंय ते कळलं. तो प्रेक्षकांना डिवचत फिरत राहिला, म्हणजे ऑस्टिनला वेळ मिळावा. शेवटी ऑस्टिन सरपटत आला, ओवेनला कसाबसा गुंडाळून पाडलं आणि ठरल्याप्रमाणे जिंकला. पण मान कायमची गेली. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि २००३ मध्ये ऐन प्रसिद्धीत असताना तो निवृत्त झाला. (२०२२ मध्ये एका मॅचसाठी परतला, तेवढाच.) आज डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये पाइलड्रायव्हर जवळपास बंद आहे.

तीनच महिन्यांनी, ९ नोव्हेंबर १९९७ ला, माँट्रियल. ब्रेट चॅम्पियन होता आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत चालला होता. आपल्या देशात, शॉन मायकल्सकडून हरायला त्याने नकार दिला. मॅच गोंधळात संपवायची, असं त्याला सांगण्यात आलं. प्रत्यक्षात शॉनने त्याला ब्रेटचाच डाव लावला आणि मालक विन्स मॅकमहनने रिंगजवळ उभं राहून घंटा वाजवायला लावली. ब्रेटने हार मानलीच नव्हती. तो विन्सच्या तोंडावर थुंकला आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये त्याला खराखुरा ठोसा लगावला. तेव्हा ब्रेटवर एक डॉक्युमेंटरी बनत होती, त्यामुळे यातलं बरंच काही कॅमेऱ्यात आहे. विन्सने मात्र या बदनामीचंही सोनं केलं. 'दुष्ट मालक मिस्टर मॅकमहन' हे पात्र याच प्रकरणातून मोठं झालं.

ब्रेट गेला, ओवेन राहिला.

२३ मे १९९९, कॅन्सस सिटीचं केम्पर अरेना. ओवेन तेव्हा 'ब्लू ब्लेझर' नावाच्या विनोदी सुपरहिरोच्या वेशात यायचा. त्याला छतावरून दोरीने खाली सोडायचं होतं. जमिनीपासून थोडं वर असताना पट्टा सुटणार, तो तोंडावर आपटणार आणि लोक हसणार, असा विनोद होता. चटकन सुटणारी कडी लावली होती ती याच विनोदासाठी. ती वर असतानाच सुटली. ओवेन जवळपास ७८ फुटांवरून खाली आला, दोरखंडावर आपटून रिंगमध्ये पडला. टीव्हीवर तेव्हा आधी रेकॉर्ड केलेली मुलाखत चालू होती, म्हणून घरी बसलेल्यांना पडताना दिसलं नाही. स्टेडियममधल्या अनेकांना हा शोचाच भाग वाटला. समालोचक जिम रॉसला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की हे मनोरंजनाचा भाग नाही.

ओवेन वाचला नाही. वय ३४. आणि शो थांबवला नाही. त्याचा जवळचा मित्र जेफ जॅरेट त्याच रात्री त्याच रिंगमध्ये उतरला. काही वेळाने रॉसने टीव्हीच्या प्रेक्षकांना मृत्यूची बातमी दिली, पण स्टेडियममध्ये बसलेल्यांना ती सांगितली गेली नाही. ओवेनची पत्नी मार्था हार्ट कोर्टात गेली आणि २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलर्सवर तडजोड झाली. कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये ओवेनचं नाव यायला तिने कायम विरोध केला.

ब्रेटचं काय झालं? त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोल्डबर्गची एक लाथ त्याच्या डोक्यात बसली. मेंदूला मार लागला आणि पुढच्या वर्षी तोही निवृत्त झाला.

नाटक चांगलं जमलं की धोका वाढतो

मार बसल्याचा अभिनय करणं, याला रेसलिंगच्या भाषेत 'सेल' करणं म्हणतात. जितका खरा वाटेल तितका पैलवान भारी. पण मग खरंच लागलं तर ओळखायचं कसं? २०१५ च्या मार्चमध्ये मेक्सिकोतल्या तिहुआनात पेरो आग्वायो ज्युनिअर दोरावर निपचित पडला. समोर होता रे मिस्टेरिओ. थोडा वेळ मॅच चालूच राहिली, कारण तो सेल करतोय असंच वाटत होतं. त्याचा मृत्यू झाला. जपानचा दिग्गज मिसावा २००९ मध्ये हिरोशिमात एका नेहमीच्या सुप्लेक्सनंतर गेला. असे सुप्लेक्स त्याने आयुष्यभर झेलले होते.

म्हणून रेफरी दोन्ही हातांनी 'एक्स'ची खूण करतो, म्हणजे खरंच लागलंय. तोच रेफरी दोघांमध्ये निरोप पोचवतो आणि वेळ सांभाळतो. प्रसंग बिघडलाच तर बाकीचे सावरतात. १९९८ मध्ये अंडरटेकरने मिक फोलीला साधारण १६ फूट उंच पिंजऱ्यावरून टेबलावर फेकलं, ते ठरलेलं होतं. पण तो पुन्हा वर चढल्यावर पिंजऱ्याचं छतच तुटलं आणि तो आत रिंगमध्ये आपटला, हे ठरलेलं नव्हतं. फोली शुद्धीवर येईपर्यंत वेळ काढायला अंडरटेकरने मदतीला आलेल्या टेरी फंकलाच उचलून आपटलं. दणका असा की फंकचा बूट पायातून निघाला.

भारतात सगळ्यांना माहीत असलेल्या द ग्रेट खलीचं नावही अशा एका प्रकरणात आलं. तो कॅलिफोर्नियात ऑल प्रो रेसलिंगमध्ये शिकत असताना, २००१ मध्ये, त्याच्यासोबत सराव करणाऱ्या एका प्रशिक्षणार्थीचा डोक्याला मार लागून मृत्यू झाला. त्याला आधीच डोक्याला दुखापत झालेली असूनही रिंगमध्ये उतरवलं होतं. ज्युरीने कंपनीला जबाबदार धरलं आणि कुटुंबाला १३ लाख डॉलर्सहून जास्त भरपाई दिली.

आता काय बदललंय?

एडी गरेरोच्या मृत्यूनंतर २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने ड्रग्ज आणि आरोग्याच्या तपासणीचं धोरण आणलं. ख्रिस बेन्वाच्या २००७ च्या प्रकरणानंतर डोक्याच्या दुखापतींवर बोलणं भाग पडलं. डोक्यात खुर्ची मारायला २०१० मध्ये बंदी आली. ब्लेडने कपाळ कापून रक्त काढण्याची जुनी पद्धतही तिथे बंद झाली.

एक गोष्ट मात्र तशीच आहे. हे पैलवान कागदोपत्री कंपनीचे कर्मचारी नसतात, 'स्वतंत्र कंत्राटदार' असतात. कंपनी सांगेल तेव्हा, सांगेल तिथे, सांगेल त्या पात्राच्या नावाने उतरायचं, तरीही. पैलवानांची युनियनही नाही.

११ मार्च २०२२ ला टीव्हीवर लाइव्ह चालू असताना बिग ईला रिंगबाहेर एक साधा सुप्लेक्स बसला. डाव तोच, फक्त शरीर हवेत पुरेसं फिरलं नाही आणि तो डोक्यावर पडला. मान मोडली. त्याच रात्री हॉस्पिटलच्या बेडवरून त्याने व्हिडिओ टाकला : हातपायाची बोटं हलतायत, काळजी करू नका.