पाचशे रुपयांची मर्यादा : घटस्फोटितेच्या पोटगीचा इतिहास
भारतातील पोटगीच्या कायद्याचा अभ्यास करताना हक्क आणि रक्कम यांतील अंतर प्रकर्षाने जाणवते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ पत्नी व अपत्यांपुरते मर्यादित होते. घटस्फोटानंतर स्त्रीचा त्याखालील दावा संपुष्टात येई. १९७३ च्या संहितेने कलम १२५ मध्ये पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचा ‘पत्नी’ या संज्ञेत समावेश केला. मात्र १९५५ मध्ये ठरलेली दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा कायम राहिली. ती पत्नी व प्रत्येक अपत्यास स्वतंत्रपणे लागू होते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये लावला. तरीही वाढत्या महागाईत ही रक्कम तुटपुंजीच ठरली. २००१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा रद्द झाली. सारांश, १९७३ मध्ये मान्य झालेल्या हक्काला आर्थिक आशय प्राप्त होण्यास २८ वर्षे लागली.