ताशी तीन मैलांची जीप

नवी गाडी घेतली की शेजारीपाजारी दोनच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते आणि किती पळते? ती किती हळू चालते, हे कुणी विचारत नाही. पण मोटारींच्या इतिहासात एक गाडी अशी आहे, की तिची मागणी नोंदवतानाच गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारला होता. गिऱ्हाईक होते अमेरिकेचे सैन्य, साल १९४० आणि गाडी म्हणजे आपली जीप.

सैन्याच्या अटी मोठ्या मजेदार होत्या. चारही चाकांना ओढ हवी, वजन अगदी कमी हवे, सपाट रस्त्यावर गाडी ताशी ५० मैल पळायला हवी, हे समजण्यासारखे आहे. पण त्यात आणखी एक अट होती. गाडीला ताशी ३ मैल इतक्या कमी वेगाने, इंजिन बंद न पडता, चालता आले पाहिजे. ताशी ३ मैल म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर, पायदळातल्या शिपायाची चाल. पाठीवर ओझे घेतलेल्या माणसांच्या रांगेबरोबर जी गाडी चालू शकत नाही, ती सैन्याच्या काय कामाची? बँटम नावाच्या एका लहान कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या बनवल्या.

आता ही हळू चाल साधली कशी ते पाहू. पहारीने दगड हलवताना आपला हात बराच फिरतो आणि दगड बोटभर सरकतो. पण सरकतो खरा. गिअरचे तत्त्व तेच. इंजिनाने जास्त फेऱ्या मारायच्या, चाकाने कमी, आणि त्या बदल्यात चाकाला जोर जास्त मिळवायचा. जीपमध्ये ही पहार तीन ठिकाणी लावलेली होती. गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सुमारे २.६७ पट, ॲक्सलमध्ये ४.८८ पट, आणि या दोहोंच्या मधे एक जादा पेटी, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यात हाय आणि लो असे दोन टप्पे. हाय म्हणजे जसेच्या तसे, लो म्हणजे १.९७ पट. तिन्हींचा गुणाकार येतो साडेपंचवीसच्या आसपास. म्हणजे इंजिनाने साडेपंचवीस फेऱ्या मारल्या की चाक एकदा फिरणार. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर ठेवले तर गाडी ताशी ४.८ किलोमीटरने चालते. बरोबर ३ मैल. हिशेब करून पाहिला तेव्हा मला त्या कागदावरच्या अटीचा अर्थ खरा कळला.

ड्रायव्हरच्या हाताशी त्यामुळे तीन दांड्या असत. एक नेहमीच्या गिअरची, दुसरी पुढची चाके जोडण्याची, तिसरी हाय-लोची. आणि त्यात एक खुबी होती. पुढची चाके जोडल्याशिवाय लो पडतच नसे. वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर आला तर तो मोडायचा, म्हणून तो चारही चाकांना वाटून घ्यायची ही सक्ती.

लो गिअर चढासाठी असतो असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. त्याचा मोठा उपयोग उतारावर. लोमध्ये पहिला टाकून पाय पेडलवरून काढला की इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेकला हात लावावा लागत नाही. जुन्या जीपचे ड्रमब्रेक ओले झाले की त्यांचा भरवसा उरत नसे, त्या काळात ही धरणूक म्हणजे जीवच. ‘ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा’ असे जुने ड्रायव्हर बजावत. तेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणारे महाभाग तेव्हाही होते, आजही आहेत.

युद्ध संपले आणि विलीज कंपनीला प्रश्न पडला, की आता ही गाडी कोण घेणार? तिला शेतकरी आठवला. १९४५ साली नागरी जीप आली, सीजे-२ए. तिच्यात ट्रान्स्फर केसचा लो टप्पा आणखी खाली नेला, ॲक्सलचेही प्रमाण वाढवले. एकूण गुणाकार गेला साडेछत्तिसाच्या वर. त्याच ९०० फेऱ्यांवर ही गाडी ताशी सव्वातीन-साडेतीन किलोमीटर चालते. ही शिपायाची चाल राहिली नाही, ही नांगराच्या बैलाची चाल झाली. मागे नांगर जोडा, पट्टा लावून मळणीयंत्र फिरवा, आणि रविवारी तिच्यातूनच गावात जा, असा विक्रीचा सूर होता.

हीच गाडी आपल्याकडे मुंबईच्या माझगावात आली. युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या खरेदी-मंडळाचे काम पाहणारे कैलासचंद्र महिंद्र, त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. पाटीवर १९४८ साली दुसरा ‘महिंद्रा’ आला. विलीजच्या सुट्या भागांच्या पेट्या बंदरात उतरत आणि माझगावात त्यांच्या जीपा उभ्या राहत. १९४९ मधली पहिली खेप ७५ गाड्यांची होती. माझगावचे स्टेशन म्हणजे हार्बर मार्गावरचे डॉकयार्ड रोड. १९९२ साली गाडी खाडी ओलांडून वाशीला जाऊ लागेपर्यंत याच मार्गाचे शेवटचे टोक होते आमचे मानखुर्द. एका टोकाजवळ जीप जुळत होती आणि दुसऱ्या टोकाला मिठागरे, दलदल आणि खाडी. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला तोवर पुण्याकडे जाणारी मोटार मानखुर्दला येण्याचे कारणच नव्हते, ती ठाण्यावरून वळसा घेऊन पनवेल गाठायची.

जाता जाता एक आठवण. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला खरेदी-घोटाळाही जिपांचाच. १९४८ मध्ये लंडनला हायकमिशनर असलेल्या कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी केलेल्या सौद्यातल्या फक्त १५५ जीपा हाती आल्या, आणि संसदेत वर्षानुवर्षे गदारोळ झाला. सरकारने १९५५ मध्ये प्रकरण मिटवले. दोनच वर्षांनी हेच मेनन उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले!

नांगरणी मात्र आपल्या जीपने फारशी केली नाही. आपल्या शेतकऱ्याला एवढी महाग गाडी नांगराला जुंपणे परवडणारे नव्हते, आणि १९६३ मध्ये महिंद्रांनीच इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची वेगळी कंपनी काढली. कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर तयार होऊ लागला. बैलाची चाल त्याच्याकडे गेली. जीप कुणाकडे गेली? सरकारकडे. १९५२ साली समूह विकास योजना सुरू झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही खेड्यातली ओळखीची वस्तू झाली. ‘जीप आली’ म्हणजे साहेब आले. प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही जीपा मिळाल्या, त्यांतल्या कित्येक युनिसेफच्या मदतीने. पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या पाड्यावर लस घेऊन जाणाऱ्या, अडलेली बाळंतीण घेऊन येणाऱ्या त्या गाडीला हाय-लोची दांडी होती म्हणून ती पोचली, असे प्रसंग डोंगरी तालुक्यांतल्या जुन्या ड्रायव्हरांना विचारावेत. पण मुख्यालयाच्या डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या साहेबाच्या जीपमध्ये तीच दांडी वर्षानुवर्षे न हलता गंजत असे.

मला या साऱ्या इतिहासात खटकते ती पुढची गोष्ट. १९८० आणि ९० च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात खासगी जीप आली ती प्रवासी वाहतुकीसाठी. सातारा-कोल्हापूरकडे तिला ‘वडाप’ म्हणतात. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स. एसटी जिथे दिवसातून एकदा जाते तिथे वडाप चार वेळा जाते. या गाड्यांपैकी मोठ्या संख्येने गाड्या फक्त मागच्या चाकांच्या ओढीच्या होत्या, ट्रान्स्फर केस नाहीच. त्यामागचे गणित सरळ होते. ती पेटी काढली की गाडी स्वस्त होते, हलकी होते, तेल कमी पिते आणि दुरुस्तीचा एक खर्च वाचतो. कर्जाचा हप्ता प्रवाशांच्या भाड्यातून फेडायचा तर मालक दुसरे काय करणार? पण परिणाम असा झाला, की नऊच्या जागी पंधरा-सोळा माणसे बसवून कच्च्या घाटाने उतरणाऱ्या गाडीला लो नव्हता आणि सपाटीवरच्या कचेरीपुढे उभ्या असलेल्या गाडीला होता. अपघात झाला की चर्चा ड्रायव्हरच्या बेफिकिरीची आणि कोंबलेल्या माणसांची होते. ती व्हायलाच हवी. पण घाटात उतरताना गाडीला धरून ठेवणारे काय होते आणि ते कधी काढून टाकले, हा प्रश्न मी त्या चर्चेत क्वचितच ऐकला आहे.

आता लो गिअर हौशी मंडळींच्या हाती आला आहे. शनिवारी पहाटे मानखुर्दच्या चौकात उभे राहिलात तर रुंद टायरांच्या, छतावर दिवे लावलेल्या गाड्या पुलाकडे, म्हणजे सह्याद्रीकडे जाताना दिसतील. त्यांच्यावर टीका पुष्कळ होते. पठारावरची माती उकरतात, ओढे गढूळ करतात वगैरे. टीकेत तथ्य आहे, मात्र तो दोष लो गिअरचा नव्हे. माती उकरते ते जागच्या जागी गरगरणारे चाक. लोमध्ये, चालत्या माणसाच्या गतीने, चाक घसरू न देता नेलेली गाडी जमिनीला त्या मानाने फारच कमी दुखावते. ज्याला धुरळा उडवल्याशिवाय मजा येत नाही, त्याला या दांडीचा उपयोग कळलेला नाही, इतकेच.

आणि गुणाकार किती वाढावा याला आता धरबंध राहिलेला नाही. जीपच्या आजच्या वंशजांपैकी रँग्लर रुबिकॉनमध्ये एकट्या लो टप्प्याचे प्रमाण ४ आहे आणि अमेरिकेतल्या स्वयंचलित गिअरच्या गाडीत एकूण गुणाकार ७७ च्या वर जातो. उभ्या खडकांवरून सरपटायचे असेल तर ठीक. पुण्याजवळ रांजणगावला तयार झालेल्या कंपास ट्रेलहॉकमध्ये उलट वेगळी लो पेटीच नव्हती. नऊ गिअरांपैकी पहिलाच इतका आखूड ठेवला, की गुणाकार २० झाला आणि बाकीचे काम संगणकाने ब्रेक लावून केले. १९४० च्या साडेपंचवीसपेक्षाही तो कमीच भरतो.

महिंद्रांची थार २०१० साली आली आणि २०२० मध्ये नव्या रूपात, नाशिकच्या कारखान्यातून. गिअरच्या दांडीशेजारी हाय-लोची छोटी दांडी तिच्यात ठेवलेली होती. जानेवारी २०२३ मध्ये त्याच थारची फक्त मागच्या चाकांच्या ओढीची स्वस्त आवृत्ती बाजारात आली. शहरातल्या गिऱ्हाइकांची तिच्यावर उडी पडली. तिच्यात जुन्या दांडीच्या जागी मोबाइल, किल्ल्या असे सटरफटर ठेवायला एक खण करून दिला आहे.