स्नायू शिथिल न करता भूल

शस्त्रक्रिया सुरू असताना रुग्ण हलला, तर शल्यविशारदाची सुरी नको तेथे जाण्याचा धोका असतो. त्यामुळे पूर्ण भूल देताना अनेकदा स्नायू शिथिल करणारी औषधे वापरली जातात. मात्र या औषधांनी झोप लागत नाही, वेदनाही शमत नाहीत. थांबते ती केवळ हालचाल. भूल अपुरी पडून रुग्णाला जाग आली, तरी त्याला बोटही उचलता येत नाही. ब्रिटन व आयर्लंडमधील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही औषधे वापरलेल्या सुमारे ८ हजार भुलींमागे एका रुग्णाने अशी जाग आल्याचे सांगितले होते. औषधे न वापरलेल्यांत हे प्रमाण सुमारे १ लाख ३६ हजारांमागे एक होते.

काही शस्त्रक्रियांत ही औषधे टाळणे भाग असते. कानापुढील लाळग्रंथीची गाठ काढताना चेहऱ्याची नस सौम्य विद्युतप्रवाहाने तपासतात. चेहऱ्याचा स्नायू हलला, म्हणजे नस शाबूत आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेतही मेंदूकडून पायांकडे जाणारे संदेश असेच पाहिले जातात. स्नायूच शिथिल असतील तर हा इशारा मिळत नाही. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ या विकारात तर अशा औषधांचा परिणाम दीर्घकाळ रेंगाळू शकतो.

१९४२ मध्ये मॉन्ट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेच्या भुलीत क्युरारे वापरले. त्यापूर्वी रुग्ण निश्चल राहावा म्हणून ईथरसारख्या औषधांची भूल खोलवर न्यावी लागे आणि त्याचा भार श्वसन व हृदयावर पडे.

आज भूल देणारा वायू किंवा शिरेतून प्रोपोफॉल, आणि जोडीला रेमिफेन्टॅनिलसारखे तीव्र वेदनाशामक सतत दिले जाते. छेद घेताना निम्मे रुग्ण हलत नाहीत, ते वायूचे प्रमाण हे मोजमापाचे एकक १९६०च्या दशकात रूढ झाले. केवळ तेवढ्याने भागत नाही, कारण उरलेले निम्मे हलतात. वेदनाशामकाची जोड मिळाल्यास मात्र कमी वायू पुरतो. हातापायांच्या शस्त्रक्रियेत नसांभोवती इंजेक्शन देऊन तो भागच बधिर करता येतो.

हालचाल म्हणजे जाग, असे मात्र नव्हे. भुलीचे वायू हालचाल थांबवतात ते मुख्यत्वे मज्जारज्जूच्या पातळीवर, मेंदूत नव्हे, असे १९९०च्या दशकातील प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. तरीही रुग्ण हलताच भूलतज्ज्ञ शल्यविशारदाला थांबवतो आणि भूल वाढवतो.

या पद्धतीचीही किंमत आहे. रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. रेमिफेन्टॅनिलमुळे श्वास थांबू शकत असल्याने कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. ते बंद करताच काही मिनिटांत त्याचा परिणाम ओसरतो. म्हणून पुढील वेदनाशमनाची तजवीज आधीच करावी लागते. स्नायूंचा विकार किंवा कुटुंबात कोणाला भुलीचा त्रास झालेला असल्यास रुग्णाने तो शस्त्रक्रियेपूर्वीच भूलतज्ज्ञाला सांगणे हिताचे ठरते.